डार्टमूरवरची ओसाड वाडी : हाउंड टॉरची घरं नक्की का रिकामी झाली?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण डोक्यातून जातच नाहीये. दोन आठवड्यांपूर्वी इंग्लंडमधे डेव्हनला जाणं झालं, तिथे डार्टमूर म्हणून ओसाड माळरानाचा उंच पट्टा आहे, सगळा ग्रॅनाइट, मधेमधे टेकडीच्या डोक्यावर खडकांचे ढीग रचून ठेवल्यासारखे, त्यांना तिथले लोक 'टॉर' म्हणतात. तसला हाउंड टॉर बघायला गेलो होतो. खडक बघून झाले, फोटो झाले, परत फिरणार तर पलीकडच्या उतारावर, म्हणजे हाउंड टॉर आणि ग्रेटर रॉक्स यांच्या मधे, गुडघ्याएवढ्या दगडी भिंती दिसल्या. आधी वाटलं मेंढ्यांचे वाडे असतील. जवळ गेलो तर घरं! उंबरे, दारं, चुलीची जागा, आणि सगळीभर गवत. तेराव्या शतकातली दगडी घरं आहेत आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाडी ओस पडली असावी असं मानतात.

एका घराच्या मोठ्या दालनात अर्धा तास बसून होतो. धुकं उतरलं, आवाज नाही काही नाही. एवढी पक्की बांधलेली घरं सोडून माणसं कशी गेली असतील? मला तरी प्लेगच वाटतो. १३४८ साली इंग्लंडमधे आला, वाडीच्या वाडी गेली, संपलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो चढवायचा प्रयत्न केला, तीनदा अडकला, नंतर देतो.

नभा
मस्त लिहिलंय! अंगावर काटा आला. फोटोची वाट बघतेय.

टंकबहाद्दर
वाचनखूण साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो, आता खापरखुट्टीताई येतील.

खापरखुट्टी
आले आले :) पाऊलवाट, छान धागा. पण आधी एक प्रश्न, तुम्ही ज्या मोठ्या दालनात अर्धा तास बसलात ते चढाच्या बाजूचं होतं की उताराच्या? म्हणजे आत शिरल्यावर चुलीची जागा तुमच्या बाजूला होती की दाराच्या पलीकडे?

पाऊलवाट
दाराच्या पलीकडे. मी उताराच्या बाजूला होतो, ती खोली ऐसपैस वाटली म्हणून. का हो?

खापरखुट्टी
मग तुम्ही अर्धा तास गोठ्यात बसून होतात :))

चेष्टा नाही करत, सगळ्यांचं असंच होतं. या घरांना लाँगहाऊस म्हणतात. एकच लांबोडकं घर, एकच छप्पर, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. मधून आडवी वाट, समोरासमोर दोन दारं, आणि माणूस असो की गाय, सगळे त्याच दारातून आत येणार, मग एक इकडे वळणार एक तिकडे. गोठा कायम उताराच्या बाजूला, कारण साधंय, मूत आणि शेण खाली वाहून गेलं पाहिजे, चुलीकडे नको. गोठ्याच्या मधोमध नाली असते ती भिंतीतून बाहेर काढलेली असते. चूल माणसांच्या भागात जमिनीवर मधोमध, धुराडं नाही, धूर छपराच्या गवतातून झिरपत जाणार. त्याच्याही पलीकडे एखादी छोटी आतली खोली.

थंडीत गुरांची ऊब घराला आणि रात्री उठून बघायला बाहेर जायला नको. पुढच्या वेळी गेलात तर दारात उभं राहून आधी उतार बघा, मग घर आपोआप वाचता येतं.

पाऊलवाट
अरे देवा. आणि मी तिथे बसून बायकोला फोन लावून सांगत होतो की दिवाणखान्यात बसलोय.

जुना खोडा
हाहाहा. हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा.

बाकी पाऊलवाट साहेब, तुम्ही त्याला वाडी म्हणालात ते अगदी बरोबर, गाव म्हणू नये. लोक तिथल्या पाटीवर 'व्हिलेज' वाचतात आणि डोळ्यासमोर चर्च, बाजार, पंचायत आणतात. चार शेतकरी कुटुंबांची घरं, त्यांची कोठारं, परसातले वाफे, बस. ओसाड गावांना आपल्या जुन्या महसुली कागदांत जो शब्द असतो ना 'बेचिराख', म्हणजे चिराग नसलेलं, जिथे दिवा लागत नाही ते, तो शब्द मला इथे फार चपखल वाटतो. लोक त्याचा अर्थ जाळून राख केलेलं असा घेतात, राखेचा काही संबंध नाही.

नभा
बेचिराखचा अर्थ हा आहे?? इतकी वर्षं मी राखच समजत होते!

धुकेकर
मूळ विषयावर. पाऊलवाट यांचं प्लेगचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही पण इतकं सरळ नाही. एक तर तिथे प्लेग झाला याचा जागेवर कसलाही पुरावा नाही. सामूहिक कबर नाही, घरात पडलेले सांगाडे नाहीत, घाईने टाकून गेलेलं सामान नाही.

टंकबहाद्दर
पण सांगाडे तिथे मिळणार कसे? ग्रॅनाइटवरची माती आम्लधर्मी असते ना, हाडं विरघळून जातात असं कुठेतरी वाचलंय.

धुकेकर
हो ते खरं आहे. म्हणूनच 'हाडं नाहीत' या गोष्टीवरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडून ना तिकडून. आणि मेलेल्यांना तसंही वाडीत पुरत नसत, पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) चर्चच्या आवारात न्यावं लागे, हक्क तिथलाच. डार्टमूरवर तर याची एक वाटच आहे, 'लिच वे' म्हणतात, म्हणजे प्रेतांची वाट. माळाच्या आतल्या भागात राहणाऱ्यांना मयत घेऊन सरळ लिडफोर्डला जावं लागायचं, १२ मैल, नद्या ओलांडत. १२६० साली बिशप ब्रॉन्सकोंब यांनी त्यातल्या काही वस्त्यांना जवळच्या विडिकोंबला जायची परवानगी दिली. (हाउंड टॉर त्यात येत नाही, तो मॅनटन पॅरिशमधे, पण पद्धत कशी होती हे कळावं म्हणून सांगितलं.)

सुमेधा_मातीवाली
इथे मी थोडं बोलू शकते कारण परागकणांवर काही वर्षं काम केलंय (दुसऱ्या देशात, दुसऱ्या मातीत, त्यामुळे मोठेपणा नाही). गंमत अशी की ज्या आम्लधर्मी दलदलीत हाडं नाहीशी होतात त्याच मातीत परागकण उत्तम टिकतात. पाणी साचलेलं, ऑक्सिजन नाही, त्यामुळे गवत-शेवाळ कुजता कुजता राहतं, त्याचा थर होतो, त्याला पीट म्हणतात. त्या थराचा उभा तुकडा काढला की खालून वर त्या परिसराचा इतिहास मिळतो, कोणत्या काळात झाडं होती, कधी गवत वाढलं, कधी धान्य पेरलं. धान्याचे परागकण जंगली गवतापेक्षा आकाराने मोठे असतात म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात, आणि ते हवेतून फार लांब जात नाहीत, म्हणजे सापडले तर शेत जवळच होतं असं बऱ्यापैकी म्हणता येतं.

हाउंड टॉरच्या परिसरातल्या परागकणांवरून निघालेला निष्कर्ष असा आहे की धान्य पिकवणं १३५० च्या सुमारास थांबलं. आता यावरून लगेच 'बघा प्लेग!' म्हणून उडी मारतात सगळे. पण एक तर पीटमधल्या तारखेला मागेपुढे बऱ्याच वर्षांची सूट द्यावी लागते. आणि दुसरं, ते महत्त्वाचं, धान्य थांबलं म्हणजे माणसं गेली असं नाही. नांगर सोडून नुसती गुरंमेंढरं ठेवली तरी परागकणांत हेच दिसणार.

पाऊलवाट
हे भारीच आहे. म्हणजे घरात माणसं असतील, चूल पेटत असेल, पण शेतात ओट्स नाहीत, गवत आहे?

सुमेधा_मातीवाली
शक्यता आहे. वाडी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण रिकामी झाली म्हणतात आणि नांगर थांबला १३५० च्या आसपास. दोन्ही खरं धरलं तर मधे पन्नासेक वर्षं उरतात. त्या वर्षांत काय होतं हाच खरा धागा आहे माझ्या मते.

खापरखुट्टी
+१ सुमेधा. आता उत्खननाबद्दल सांगते म्हणजे पुढचं भांडण नीट होईल.

इथे १९६१ पासून १९७५ पर्यंत श्रीमती मारी मिंटर यांनी खणलं, उन्हाळ्याउन्हाळ्याने. नुसतं हाउंड टॉर नाही, जवळपासच्या हटहोल्स आणि डिना क्लार्क्स या जागाही त्यांनीच खणल्या. अहवाल छापून व्हायच्या आत त्या गेल्या, मग त्यांच्या नोंदींवरून गाय बेरस्फर्ड यांनी १९७९ साली तो प्रसिद्ध केला. हे लक्षात ठेवा, खणणारी व्यक्ती एक आणि लिहिणारी वेगळी. दुसऱ्याची डायरी वाचून त्याचं घर कसं होतं ते सांगण्यासारखं आहे ते.

बेरस्फर्ड यांनी दोन मोठे दावे केले. एक, दगडी घरांच्या खाली खुंट्यांची असंख्य भोकं मिळाली, ती आधीच्या घरांची, त्यांच्या भिंती मातीच्या ढेकळांच्या (गवत मुळांसकट चौकोनी कापून रचतात तशा) आणि आतून खुंट्या-काटक्यांचा आधार. अशी घरं पुन्हा पुन्हा त्याच जागी बांधली, म्हणून वस्ती दगडी घरांच्या कितीतरी शतकं आधीची, सॅक्सन काळातली (म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीची). दोन, वाडी सुटली ती हवामान बिघडल्यामुळे, आणि त्याचा पुरावा म्हणजे कोठारांमधल्या धान्य सुकवायच्या भट्ट्या.

जुना खोडा
त्या भट्ट्या मी बघितल्यात, फार वर्षं झाली. कोठाराच्या एका टोकाला दगडी ओटा, त्यात वर रुंद खाली निमुळतं असं गोल भगदाड, आणि बाजूला विस्तव करायचं तोंड. वर काटक्या आणि कापड वगैरे टाकून त्यावर ओलं धान्य पसरायचे, खालून गरम हवा. अशी तीन कोठारं आहेत तिथे. चार कुटुंबं आणि तीन कोठारं, सगळ्यांत भट्ट्या! एवढी तयारी कोण करतं? ज्याचं पीक शेतात वाळतच नाही तो. मला तर हवामानाचं पटतं. १३१५ ते १३१७ तो मोठा दुष्काळ, दुष्काळ म्हणजे ओला, पाऊस थांबेचना, उत्तर युरोपभर पिकं कुजली. मग १३१९ पासून गुरांची साथ. आणि हे लोक साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर, तिथे उन्हाळाच मुळात आखूड.

धुकेकर
काका, आदर ठेवून असहमत. भट्टी म्हणजे संकट हे गणित चुकीचं आहे. भट्टी म्हणजे ओला शरद ऋतू, एवढंच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच भट्ट्या एकोणिसाव्या शतकापर्यंत घरोघरी वापरात होत्या. ओट्स तर दळायच्या आधी भाजून कडक करावेच लागतात नाहीतर टरफल सुटत नाही, बियर करायला मोड आणलेलं सातूचं धान्य सुकवायलाही भट्टीच. मग त्या सगळ्यांचं हवामान सतत बिघडतच होतं का? उलट मी म्हणेन की ज्याने दगड रचून एवढी भट्टी बांधली त्याचा इथे राहायचाच विचार होता. जायचं असतं तर कोणी बांधकामं काढत नाही.

जुना खोडा
हं. हा मुद्दा मला सुचला नव्हता. विचार करतो. पण ओला दुष्काळ झाला हे तर तुम्ही नाकारत नाही ना?

धुकेकर
नाही नाही, तो झालाच. पण तो १३१५ ला आणि नांगर थांबला १३५० ला. मधली पस्तीस वर्षं लोक राहिलेच की तिथे.

खापरखुट्टी
आणि पहिल्या दाव्यालाही सुरुंग लागलाय. डेव्हिड ऑस्टिन यांनी १९८५ साली सगळं पुन्हा तपासून म्हटलं की इतकी जुनी वस्ती सिद्ध होत नाही. खुंट्यांच्या भोकांवरून आजही वाद आहे, सगळी भोकं भिंतींचीच कशावरून? घरात माणूस राहतो तेव्हा दावणीला खुंटी ठोकतो, आडोसा करतो, मोडला की शेजारी दुसरी ठोकतो. सत्तर-ऐंशी वर्षांत जमिनीची चाळणी होते. आणि एवढ्या जुन्या काळाची खापरंही हवीत ना सोबत.

एक मात्र आहे, १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत) हाउंड टॉरचं नाव येतं. पण ते जमिनीचं नाव आहे, ही घरं तेव्हा नेमकी याच उतारावर होती असं त्यावरून नाही म्हणता येत. नाव राहतं, वस्ती सरकते.

भटक्या_विमुक्त
मधेच विचारतो, राग मानू नका. खापरांचा विषय निघालाय म्हणून, अशा ठिकाणी उंदरांनी-सशांनी उकरलेल्या मातीत छोटे तुकडे वर आलेले असतात, एखादा खिशात टाकला तर काय बिघडतं? तिथे पडून कोणाच्या उपयोगाचा आहे? माझ्याकडे एक मित्राचा मेटल डिटेक्टर पण आहे, पुढच्या वर्षी जाणार आहे तिकडे.

खापरखुट्टी
नाही. नाही. आणि नाही.

राग नाही मानत, पण ऐका. खापराची किंमत त्याच्या जागेत असते. त्याच भोकाशेजारी तो तुकडा राहिला तर उद्या कोणी म्हणू शकेल की हा भाग अमुक काळातला, खिशात गेला की ते एक तुटकं मडकं. वर आपण ज्या वादावर पाच प्रतिसाद लिहिले तो सगळा वाद 'कोणतं खापर कोणत्या थरात होतं' यावरच चालू आहे!

आणि डिटेक्टर तर घेऊन जाऊच नका. तिथे १९७९ चा कायदा आहे, संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे, काही सापडो न सापडो.

भटक्या_विमुक्त
ओके ताई, समजलं. डिटेक्टर रद्द. दगडावर दगड ठेवून छोटे मनोरे करतात ते तरी चालतं का?

जुना खोडा
अरे तो दगड कुठून उचलणार बाबा? भिंतीतूनच ना?

भटक्या_विमुक्त
🙏

नभा
मी गूगल करत बसले रात्रभर. डिना क्लार्क्सबद्दल वाचलं, तिथलं घर जळालं होतं म्हणे?

खापरखुट्टी
हो, आणि म्हणून ते घर हाउंड टॉरच्या अगदी उलट आहे. तिथे आग लागली तेव्हा घर वापरात होतं, मडकी जागच्या जागी राहिली, तिसऱ्या हेन्रीच्या काळातलं नाणं मिळालं. म्हणजे तेराव्या शतकातला एक दिवस तसाच गोठलाय. हाउंड टॉरला असं काही नाही. तिथली माणसं जाताना घर झाडून गेली. कामाची प्रत्येक वस्तू नेली, बहुतेक छपराची लाकडंसुद्धा, कारण त्या माळावर चांगलं लाकूड मिळणं कठीण. मागे राहिलं ते फुटकं आणि हरवलेलं.

मला विचाराल तर 'घाईने पळाले की सावकाश गेले' याचं उत्तर इथेच आहे. पळून जाणारा माणूस मडकं टाकून जातो.

पाऊलवाट
मग प्लेगचा काहीच संबंध नाही असं मानू का? मला आता उलटंच वाटायला लागलंय.

धुकेकर
संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने. हे माझं मत, पण बरेच अभ्यासकही असं मांडतात. प्लेगमधे इंग्लंडची तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत माणसं गेली. समजा हाउंड टॉरवरचं एकही माणूस मेलं नाही. तरी काय होईल? खाली दरीत चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या. मजूर मिळेना, मजुरी वाढली, इतकी की १३५१ साली मजुरी बांधून ठेवणारा कायदा काढावा लागला. जमीनमालकाला कुळ हवंय, कोणीही चालेल. आता तेराव्या शतकात माणसं फार आणि जमीन कमी म्हणून तुमचे आजोबा त्या खडकाळ उतारावर गेले होते, ओट्स पिकवायला, भट्टीत सुकवायला. तुम्हाला खाली बरी जमीन कमी खंडात मिळतेय. तुम्ही वर कशाला राहाल?

एक पोरगा आधी जातो लग्न करून. मग दुसरं घर. शेतीला दोन माणसं कमी पडली की वरचे बांध सोडून देतात, तिथे गुरं सोडतात. सुमेधाताईंची पन्नासेक वर्षं हीच असतील. शेवटच्या घरातली म्हातारी काय ती राहिली असेल.

जुना खोडा
हे पटलं. भट्टीवरून मी माघार घेतो. पण पूर्ण नाही, ओल्या हवेने जमीन नकोशी केली असणार हे मी सोडणार नाही :)

धुकेकर
मान्य काका, फक्त हवेने ढकललं नाही, खालच्या जमिनीने ओढलं.

टंकबहाद्दर
पण सगळीकडे असं प्रेमाने उतरले असं नाही ना? स्कॉटलंडमधे तर हाकलून दिलं होतं.

धुकेकर
तिथलं अगदी वेगळं. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात रोझाल म्हणून वस्ती आहे, सदरलँड परगण्यात. बघायला गेलं तर अवशेष सारखेच, लांबट घरांची जोती, कोठारं, भट्ट्या, शेतांभोवती दगडी गडगा. १९६२ साली होरेस फेअरहर्स्ट यांनी तिथे काम केलं, आजूबाजूला सगळी झाडं लावायची होती त्याच्या आधी. आता चारी बाजूंनी जंगलखात्याची लागवड आणि मधे हा मोकळा तुकडा.

ती वस्ती १८१४ ते १८१८ च्या दरम्यान रिकामी केली गेली, जमीनदारीला मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून. स्ट्रॅथनेव्हरमधे घरांची छपरं पेटवली, का तर लोक परत येऊन राहू नयेत. त्या प्रकरणात पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला चालला, तो निर्दोष सुटला. रोझालचाच एक गवंडी, डोनाल्ड मॅक्लाउड, त्याने पुढे हे सगळं लिहून काढलं म्हणून आज माहीत तरी आहे.

आता विचार करा, कागद जळाले असते आणि मॅक्लाउड गप्प बसला असता तर? नुसती जोती बघून हाउंड टॉर आणि रोझाल यातला फरक कोण सांगणार होतं?

सुमेधा_मातीवाली
परागकण तर नक्कीच नसते सांगू शकले. दोन्हीकडे धान्य संपलं, गवत वाढलं. एवढंच.

नभा
हे वाचून गप्प झाले.

खापरखुट्टी
आणखी एक ठिकाण सांगते, नॉर्थंबरलंडमधलं वेस्ट व्हेल्पिंग्टन. ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुटलं. तिथे १९५८ पासून १९७६ पर्यंत खणत होते कारण शेजारची दगडाची खाण जागा खात खात पुढे येत होती. आता ती जागाच नाही. खाणीत गेली. तेव्हा ज्यांना हाउंड टॉर बघायला मिळतंय त्यांनी दगडावर दगड न ठेवता बघून यावं.

भटक्या, हे तुला नाही हं :)

भटक्या_विमुक्त
कळलं कळलं. पण एक खरोखरचा प्रश्न. तिथूनच काही मैलांवर ग्रिमस्पाउंड आहे, गोल गोल घरांचं, ते पण याच लोकांचं का?

खापरखुट्टी
नाही रे, ते कांस्ययुगातलं, हाउंड टॉरच्या घरांहून दोन-अडीच हजार वर्षं जुनं. मोठा दगडी कोट आणि आत २४ गोल घरांच्या खुणा. तिथे १८९४ मधे खणलं आणि तेव्हा काही भिंती पुन्हा उभारल्या, त्यामुळे तिथला प्रत्येक दगड मूळ जागेवर आहे असं धरू नकोस.

पण प्रश्न चांगला आहे, कारण माळ ओस पडायची ही पहिली वेळ नव्हती. कांस्ययुगात डार्टमूरवर मैलोन्मैल सरळ रेषेत दगडी बांध घातले होते, शेतं आखली होती, तिथे त्यांना 'रीव्ह' म्हणतात. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी १९७० च्या दशकात ते ओळखून काढले, तोवर लोक त्यांना मध्ययुगातलेच समजत होते. ती शेतंही सुटली. मग मध्ययुगात पुन्हा लोक वर चढले, हाउंड टॉरवाले जी जमीन कसत होते ती कांस्ययुगातही कसलेली होती.

पाऊलवाट
मंडळी, परत जाऊन आलो! फेब्रुवारी, बेकार थंडी, पाऊस. तुमच्यामुळे गेलो हे लक्षात असू द्या.

आधी एक सांगतो, मागच्या वेळी मी गेलो तेव्हा नेचे कमरेएवढे होते, अर्ध्या भिंती त्यात बुडालेल्या. आता सगळं वाळून झोपलंय. आणि दुपारी तीनच्या सुमारास पाऊस थांबून दहा मिनिटं ऊन आलं, अगदी तिरपं, तर घरांच्या पलीकडच्या उतारावर एकाखाली एक आडवे पट्टे दिसायला लागले, पायऱ्या असाव्यात तशा, प्रत्येकाची सावली पडलेली. मागच्या वेळी मी त्याच्यावरून चालत गेलो होतो आणि मला काहीही दिसलं नव्हतं. ढग आला तसे गेले.

मग 'माझ्या' घरात गेलो. दारात उभा राहिलो, उतार बघितला. खालच्या टोकाला, मी जिथे बसलो होतो बरोबर तिथे, पावसाचं पाणी साचलं होतं. चुलीकडची बाजू कोरडी म्हणता येणार नाही पण पायाखाली घट्ट होती. तिकडे जाऊन बसलो. तिथून समोरच्या दोन्ही दारांतून बाहेर दिसतं, आणि वारं आरपार जातं, चुलीपाशी मात्र लागत नाही. बांधणाऱ्याला कळत होतं.

कोठारातली एक भट्टीही सापडली, तिच्यात पण पाणी.

जुना खोडा
भट्टीत पाणी! धुकेकर, बघा, हवामान :)

धुकेकर
काका _/\_

खापरखुट्टी
ते आडवे पट्टे म्हणजे नांगरलेल्या शेतांचे बांध. उतारावर आडवं नांगरत राहिलं की माती हळूहळू खाली सरकून कडेला साठते आणि पायरी बनते. फोटो आलाय का?

पाऊलवाट
दहा मिनिटांतली सात पिशवीतून कॅमेरा काढण्यात गेली. एक आहे, अंगठा आलाय त्यात. तरी चढवतो.

नभा
अंगठ्यासकट चालेल. आणि हो, तिथे जायला वाट कशी आहे, आईला घेऊन जायचा विचार आहे मे महिन्यात, गुडघे दुखतात तिचे.

पाऊलवाट
गाडीतळापासून टॉरपर्यंत गवताचा सोपा चढ, पुढे वाडीकडे उतरताना मात्र दगड आणि निसरडं. काठी न्या, चांगले बूट घाला. आणि मे संपायच्या आत जा, नंतर नेचे वाढतात. बसायचं असेल तर चढाकडच्या बाजूला बसवा त्यांना.